दात मोजणाऱ्या बाई

इंदूरमध्ये एकटी मुलगी खोली बघायला गेली की आधी आडनाव विचारतात. मग गाव, मग मांसाहार. आडनाव कळल्यावर पुढचे प्रश्न कधी कधी विचारतच नाहीत. "कमरा तो कल ही उठ गया, बेटा," म्हणून दार लोटून घेतात. त्या दिवशी सुदामा नगरात माझी अशी तीन दारं होऊन गेली होती. चौथ्या दारात बाई उभ्या होत्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. फाटकाला टेकवलेल्या माझ्या सायकलकडे पाहिलं आणि विचारलं, "किती दात?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "बत्तीस असतील."

"तुझे नाही गं. सायकलचे."

मग त्या चक्क जमिनीवर बसल्या. पदर कमरेला खोचलेला, डाव्या गुडघ्याला पट्टा, चष्मा नाकाच्या टोकावर. पर्समधून खडूचा तुकडा काढला, पुढच्या चक्राच्या एका दातावर खूण केली आणि पॅडल हळूहळू फिरवत ओठातल्या ओठात मोजायला लागल्या. मग मागचं.

"पुढे चव्वेचाळीस, मागे अठरा. नोकरी कुठे?"

"पुलापलीकडे, एका क्लिनिकमध्ये. फिजिओथेरपिस्ट आहे."

"म्हणजे रोज पूल. चढताना उतरावं लागतं?"

"लागतं."

"आणि वाटतं, आपल्यातच जोर नाही. बरोबर?"

बरोबर होतं. पहिल्या पगारातून मी ती क्रूझर घेतली होती. जुनी होती, पण रुंद हँडल, जाड टायर, एकच गिअर, पुदिन्यासारखा रंग. दिसायला राणी होती. पुलावर मात्र मी रोज तिच्यासमोर हार मानायचे.

"मागे वीस दातांचं फ्रीव्हील लावून घे," बाई उठत म्हणाल्या. "ही घे चाबी. कमरा वर आहे. पाणी सकाळी सहाला येतं."

मी महूची. आजोबा फौजेत होते, वडील सरकारी नोकरीत. खोलीसाठी कोणाला काय सांगायचं आणि काय आपणहून सांगायचं नाही, हे मी घरून शिकून आले होते. यातलं काहीच वापरावं लागलं नाही. माझं आडनाव बाईंना कळलं ते चौथ्या महिन्यात, कुरियरवाल्यानं खालून ओरडून विचारलं तेव्हा. "हो, हो, वरच राहते ती," म्हणाल्या, आणि पाकीट घेऊन फ्रिजवर ठेवून दिलं. त्यांच्या घरी मी साडेतीन वर्षं राहिले.

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वय सदुसष्ट. लग्न केलं नव्हतं. गुणोत्तर-प्रमाण शिकवायचं असलं की आपली सायकल वर्गात आणून टेबलावर उलटी ठेवायच्या, असं त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी सांगत. टेबलावर तेलाचे डाग पडतात म्हणून मुख्याध्यापिकांनी लेखी समज दिली होती. बाईंनी त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या तासाची उदाहरणं काढली.

त्यांच्याबरोबर सब्जी आणायला जाणं म्हणजे शिक्षा होती. मंदिराबाहेर, बँकेबाहेर, लग्नाच्या मांडवाबाहेर, जिथे सायकली उभ्या असतील तिथे त्या थांबायच्या. खडू निघायचा. एकदा दूधवाल्यानं त्यांना चोर समजून आरडाओरडा केला. बाईंनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "भिया, थांबा जरा, एकतीसवर आहे," म्हणाल्या, आणि मोजणं पुरं करूनच उठल्या. मग त्याला सांगितलं की चाळीस लिटर दूध घेऊन ह्या दातांवर फिरलात तर पन्नाशीत गुडघे जातील. तो दूधवाला नंतर आमच्याकडेच दूध घालायला लागला.

हिशेब सोपा होता. तो मला पहिल्याच रविवारी वरण-भातावर शेव घालून खाताना समजावला होता. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचे इंच. जो आकडा येतो तो जितका मोठा, तितकं पॅडल जड. एका फेरीत सायकल लांब जाते खरी, पण ती लांबी पायातून काढावी लागते.

स्वयंपाकघरात गरम पातेलं ठेवायला त्यांच्याकडे जे लोखंडी चक्र होतं, ते त्यांच्या आजोबांच्या सायकलचं होतं. आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून, त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत. चक्राचे दात मोठाले, दोन दातांमध्ये बोट जाईल एवढी जागा. "हे बघ. पुढे सव्वीस, मागे नऊ. ऐंशीच्या वर जातो आकडा. बाबांच्या सायकलचे अठ्ठेचाळीस-अठरा, मोठं चाक, म्हणजे पाऊणशे. मी नोकरीला लागले तेव्हाची त्रेसष्ट. तुझीही त्रेसष्टच होती. आता नव्या क्रूझर येतात त्या सत्तावन्नवर आल्यात, काही तर बावन्नवर. गिअर एकच, पण तो खाली खाली उतरत आलाय. याला प्रगती म्हणतात. पण लोक काय म्हणतात? जुन्या सायकली काय मजबूत होत्या! अरे यार, जुनं ते सोनं नसतं. जुनं ते जड असतं."

हे शेवटचं वाक्य त्या कशालाही लावायच्या. तांब्याच्या हंड्याला, नऊवारीला, शेजारच्या आजोबांच्या स्वभावाला.

ज्यांच्याकडे आम्ही वीसचं फ्रीव्हील लावायला गेलो, ते कोपऱ्यावरचे सायकलवाले भिया बाईंना वीस वर्षं ओळखत होते. तरी प्रत्येक वेळी वाद घालायचे. "मैडमजी, कंपनी अठारा देती है तो कुछ सोच के ही देती होगी."

"सोच के देती है, पण कोणाचं सोचून, ते विचारा की त्यांना," बाई म्हणाल्या.

भियांनी मान हलवत फ्रीव्हील बदललं, चेनला एक कडी वाढवली. दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून न उतरता पूल चढले. वर पोचल्यावर मला उगाच हसायला येत होतं. क्लिनिकमध्ये दिवसभर लोकांना "जोर लावा, आणखी जोर लावा" सांगणारी मी, त्या दिवसापासून ते वाक्य जरा जपून वापरायला लागले.

बाईंच्या स्वतःच्या गुडघ्याचं मात्र मला काही करता आलं नाही. मी व्यायाम लिहून दिले. त्यांनी कागद नीट घडी करून ठेवला आणि आपल्या सायकलला बावीसचं फ्रीव्हील लावून आणलं. "हा माझा व्यायाम," म्हणाल्या. सायकल माणूस चालावा इतक्या वेगानं जायची. रस्त्यावरची कुत्री कंटाळून पाठलाग सोडायची.

हे सगळं मी विक्षिप्तपणा म्हणून घरी महूला सांगायचे आणि आई पोट धरून हसायची. त्यामागे काही असेल असं मला वाटलं नव्हतं. ते कळलं कॉलनीच्या सायकल रॅलीमुळे.

रहिवाशांच्या समितीनं एका रविवारी रॅली काढली होती. शेवटी बागेत भाषणं. प्रमुख पाहुणे कोणीतरी मोठे व्यापारी होते. ते म्हणाले, आमच्या वडिलांच्या काळी लोक एका गिअरच्या जड सायकलींवर पार बेटमा गावापर्यंत जाऊन यायचे, आजची पिढी पुलावरसुद्धा दमते, कारण पूर्वीची माणसंच दणकट होती. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत बाई उभ्या राहिल्या.

"पूर्वीची माणसं दणकट नव्हती," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला. "ज्यांना जमायचं नाही ती सोडून द्यायची. सोडून घरी बसलेली माणसं तुमच्या वडिलांना रस्त्यावर दिसणार कशी? जी दिसली ती तुम्ही मोजली."

पाहुण्यांना मराठी अर्धंच कळत होतं. ते हसले, नमस्कार केला. बाई खाली बसल्या. पण मी शेजारीच होते. पुढचं भाषण सुरू व्हायच्या आत त्यांनी मला उठवलं.

घरी येऊन मी चहा केला आणि विचारलं, "बाई, कोण घरी बसलं?"

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग सांगितलं.

त्यांना एक धाकटी बहीण, कुंदा. तेव्हा घर इंदूरच्या छावणी भागात होतं आणि कॉलेज लांब. वडिलांनी दोघींना दोन सायकली घेतल्या. फ्रेम लेडीज, पण पुढचं चक्र हट्टानं आपल्या सायकलसारखं अठ्ठेचाळीसचं बसवून घेतलं. मुलींनी मुलांच्या बरोबरीनं जावं अशी त्यांची फार इच्छा. तो माणूस वाईट नव्हता, हे बाईंनी मला दोनदा सांगितलं. बाई बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, कुंदा पहिल्या. त्याच वर्षी कुंदाला टायफॉइड झाला. दीड महिन्यानं उठली ती काडी होऊन. कॉलेजच्या अलीकडे एक लांब चढ होता. बाई तो एका दमात चढायच्या आणि वर थांबून ओरडायच्या, "जोर लाव, कुंदा! जोर लाव!" कुंदा खाली उतरून, सायकल ढकलत, धापा टाकत यायची. रोज उशीर. रोज बाईंची बोलणी. घरी वडीलही तेच म्हणायचे.

"एक दिवस चढाच्या मध्यावर ती थांबली," बाई म्हणाल्या. "मी वरून बघत होते. तिनं सायकल वळवली आणि घराकडे निघून गेली. माझं प्रॅक्टिकल होतं. मी गेले प्रॅक्टिकलला. त्यानंतर ती कॉलेजला गेलीच नाही. वर्षभरात लग्न झालं, इथून जवळच हातोद गावी दिलं."

मी त्यांचा गार झालेला चहा पुन्हा गरम करून आणला.

"पुढे मी शाळेत लागले. सातवीच्या वर्गाला गुणोत्तर शिकवत होते. सायकलचं उदाहरण घ्यावं म्हणून बाबांचे आकडे फळ्यावर लिहिले. अठ्ठेचाळीस, अठरा. एका पोरीनं विचारलं, बाई, मागे अठराच्या जागी बावीस घेतले तर? मी करून दाखवलं. पाऊणशेचे एकसष्ट झाले. तशीच उभी राहिले फळ्यासमोर. चार दात, गं. चार दातांसाठी तिचं शिक्षण सुटलं. बावीसचं फ्रीव्हील तेव्हाही मिळायचं बाजारात. मागायचं कोणाला सुचलं नाही. आम्हाला वाटायचं, सायकल आहे तशीच असते, माणसानं बदलायचं."

"तुम्ही कुंदामावशींना कधी बोललात हे?"

"काय बोलू? दर दिवाळीला भेटतो. ती लाडू देते, मी चकली देते."

त्यानंतर दोनेक महिन्यांनी कुंदामावशींचा फोन आला. त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले होते. मुलाचं धान्याचं दुकान, सून शाळेत शिक्षिका. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या, "आता काय ताई, कुठे जायचं तर कोणाच्या तरी गाडीची वाट बघायची. सोडलं तर मंदिर, नाहीतर घर." बाईंनी फोन ठेवला आणि मला हाक मारली. "तयार हो. दुकानात जायचंय."

दुकानात त्यांनी दोन तास घालवले. खाली वाकलेल्या फ्रेमची, रुंद सीटची एक क्रूझर निवडली, अशी की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. मागे वीसचं होतं. "अम्माजी, ये तो सबसे हल्की है," विकणारा मुलगा सांगत होता. बाईंनी तिथेच ते बदलून बावीसचं घेतलं. मग मला म्हणाल्या, "बघ, चव्वेचाळीस-बावीस. बावन्न. ठीक आहे ना? तू पायांची डॉक्टर आहेस, सांग."

"बाई, पाय बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"तिला टायफॉइड झाला होता," त्या म्हणाल्या, जणू तो गेल्या आठवड्यात झाला होता.

हातोदपर्यंत त्यांना सायकल चालवत न्यायची होती. मी नाही म्हटलं. त्या गुडघ्यावर ते अंतर म्हणजे पुढचे सहा महिने माझ्याच हातून मालिश. बरंच भांडून लोडिंग रिक्षा ठरली. थंडीतल्या एका रविवारची सकाळ होती. गांधीनगर मागे पडल्यावर शेतांमधून गार वारा लागत होता. बाई पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे सायकल धरून. त्या दिवशी प्रथमच मी त्यांना वाटेतल्या सायकलींकडे न बघता जाताना पाहिलं.

कुंदामावशी ओसरीवर मेथी निवडत होत्या. ठेंगण्या, गोल, हसऱ्या. टायफॉइडची काडी मी मनात धरून गेले होते, ती कुठेच नव्हती.

"अगंबाई, ताई! नातीसाठी आणलीस की काय ही?"

"तुझ्यासाठी," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी केलं ते असं. पर्समधून खडू काढला, ओसरीच्या फरशीवर बसल्या आणि लिहायला लागल्या. एका बाजूला अठ्ठेचाळीस भागिले अठरा गुणिले अठ्ठावीस. दुसऱ्या बाजूला चव्वेचाळीस भागिले बावीस गुणिले सव्वीस. दोन्ही उत्तरांखाली दोन दोन रेघा मारल्या. मान वर न करताच म्हणाल्या, "कुंदा, तुझ्यात ताकद कमी नव्हती. दात चुकीचे होते. आणि मी वर उभी राहून तुलाच ओरडत होते. हे सांगायचं राहून गेलं."

कुंदामावशी त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. हातातली मेथी तशीच. मग एकदम हसल्या. "काय गं ताई! तेवढ्यासाठी इतकी वर्षं घेतलीस? मला कॉलेजचा कंटाळाच आला होता. मलाच नको होतं ते गणित-फिणित. बरं झालं सुटलं ते. चल, हात धू, पोहे टाकते."

मी मदतीला म्हणून आत गेले. कढईत मोहरी तडतडत होती. कुंदामावशी माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "सहा महिने रडत होते मी. पुस्तकं कपाटात दिसली तरी रडायला यायचं. पण आता कशाला तिच्या डोक्यावर ठेवायचं? आली ना ती. सगळं लिहून दाखवलंन. आता झालं."

पदरानं डोळे पुसले आणि पोह्यांवर कोथिंबीर घातली.

पोहे झाल्यावर मी सीट धरली. कुंदामावशींनी आधी नाही-नाही केलं. सुनेनं त्यांची बाजू घेतली, शेजारणी दारात आल्या. मग त्या बसल्या. दोन्ही पाय टेकले, एकदा पॅडलवर ठेवले, पुन्हा टेकले. तिसऱ्या वेळी मी सीट सोडली ते त्यांना कळलंच नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, वळताना डगमगल्या, परत आल्या, आणि आमच्यासमोर न थांबता उलट्या दिशेनं निघून गेल्या. सून "आई, थांबा!" करत मागे पळाली.

बाई ओसरीच्या खांबाला टेकून बघत होत्या.

परतीच्या वाटेवर रिक्षात म्हणाल्या, "खोटं बोलली."

"कशावरून?"

"कंटाळा आला असता तर ती सरळ वळून गेली असती. त्या दिवशी चढावर, वळायच्या आधी, तिनं वर माझ्याकडे बघितलं होतं. मी बोलवेन म्हणून." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण खोटं बोलली ते चांगलंच बोलली. माझ्यासाठीच बोलली ना."

मी आत ऐकलेलं सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

महिन्याभरानं, एका दुपारी, फोन आला. बाईंनी स्पीकर लावला.

"ताई, तुझं ते बावीस काढ गं. पाय नुसते गरगर फिरतात आणि सायकल जागची हलत नाही. भजनाला जाताना शाळेतल्या पोरी पुढे निघून जातात. हसतात मला."

"अगं पण चढ लागला तर?"

"हातोदला चढ कुठंय? अठरा लाव."

"अठरा? वेडी आहेस का? वीस देईन फार तर. गुडघ्यांचं काय?"

"गुडघे तुझे खराब आहेत. माझे चांगले आहेत."

पाऊण तास भांडल्या दोघी. मी वर जाऊन कपडे वाळत घालून आले तरी चालूच होतं. आवाज असे, जणू परकर-पोलक्यातल्या दोन मुली अंगणात भांडतायत. शेवटी बाईंनी फोन आपटला. "काय हट्टी बाई आहे!" म्हणाल्या. चेहरा लाल झाला होता आणि इतका आनंदी मी तो कधी पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही बसनं हातोदला गेलो. पर्समध्ये वीसचंही होतं आणि अठराचंही. बाईंनी दोन्ही कुंदामावशींसमोर ठेवली. वीस कसं योग्य आहे हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. कुंदामावशींनी अठराचं उचललं. गल्लीतल्या मिस्त्रीनं ते बसवलं. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. बाईंच्या बाबतीत हे किती मोठं होतं, ते त्यांच्याबरोबर सब्जी आणायला गेलेल्या माणसालाच कळेल.

संध्याकाळी कुंदामावशी आम्हाला स्टँडवर सोडायला आल्या. आम्ही चालत, त्या सायकलवर, आमच्यासाठी हळू हळू. स्टँडवर पोचलो तर बसला अजून वेळ होता. कुंदामावशींनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

"ताई, मी निघते हां. आज भजन माझ्याकडून सुरू व्हायचंय. मी नाही गेले तर ओरडतील सगळ्या."

"जा, जा," बाई म्हणाल्या.

कुंदामावशींनी पदर खोचला, एक पाय मारला, आणि गेल्या. अठराच्या दातांवर सायकल झपकन पुढे निघाली. सोयाबीनच्या ट्रॉलीच्या कडेनं वाट काढत त्या बाजाराच्या गर्दीत शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या.

बाई त्या दिशेनं बघत राहिल्या. मग माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "बघितलंस? थांबली पण नाही."